गोधडीची नक्षी येते कुठून?



पनवेल परिसरातील ठाकूर व कातकरी वाड्यांतील भगिनींसाठी शिवणवर्ग काढायचा म्हटले की, मंडळीतील कोणीतरी प्रेमाने भरतकामाचे छापील नमुने आणून देतात. हेतू चांगलाच असतो. पण शिवणाऱ्या बाईला नक्षी सुचते कशी, हे आपण आधी समजून घ्यायला हवे.

आपली गोधडीच पाहा. जुनी सुती लुगडी, धोतरे धुऊन वाळवायची, थरावर थर अंथरायचे, वर ठिगळे मांडायची आणि साध्या धावदोऱ्याने सारे एकत्र शिवायचे. कागदावर आराखडा नसतो. लाल काठाचा तुकडा कुठे शोभेल, हे तो ठेवून पाहिल्यावर कळते. तुकडा अपुरा पडला की शेजारी दुसरा रंग येतो. अशी अडचणीतूनच नक्षी निघते.

शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी आदिवासी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, कडेकडेने फिरत त्या मध्यभागी पोहोचतात. पुढचा तुकडा कोणता, हे हातातले काम पाहून ठरते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. त्या भागात दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या 1965 मध्ये फ्रान्सिस वॉल्टर या धर्मगुरूंच्या नजरेस पडल्या. पुढच्याच वर्षी तेथील स्त्रियांची ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या, हाती मजुरी आली. मात्र दुकानांना प्रत्येक नग सारखा हवा होता. तिथे स्वतःच्या कल्पनेला जागा उरली नाही. पुढे 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या मांडल्या गेल्या आणि जगाने नावाजल्या, त्या मात्र घरच्यांसाठी, कामाच्या जुन्या कपड्यांतून, मनाने शिवलेल्या. 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली.

यातून आपण काय घ्यावे? मागणीप्रमाणे केलेल्या कामाने चूल पेटते. त्याला कमी लेखू नये. पण तेवढेच काम दिले, तर ती बाई दुसऱ्याच्या नक्षीची मजूर होऊन राहते.

म्हणून काही साध्या गोष्टी करता येतील. छापील नमुन्यांऐवजी स्वच्छ, जुन्या सुती साड्या द्या. सुतातून सुई सहज जाते आणि धुता धुता कापड मऊ होते. सिंथेटिक कापड शिवताना सरकते. वर्गात प्रत्येकीला पहिली वस्तू तिच्या मनाप्रमाणे करू द्या. किंमत ठरवताना कापडाबरोबर तिचे दिवसही मोजा. आणि विकत घेतलेल्या गोधडीचे दोन कोपरे सारखे नसले, तर परत करण्यापूर्वी तिला विचारा, “ताई, हे असे का केलेत?”

कदाचित त्या कोपऱ्यातच तिची खरी नक्षी असेल.