अम्मींची सीट आणि गाडीतली ऊब

आम्ही कॅनडात, टोरांटोजवळच्या एका उपनगरात राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात अम्मी खेडहून आमच्याकडे राहायला आल्या. वय सत्तरीच्या पुढे, वीस वर्षांचा मधुमेह, गुडघे दुखरे, पण हौस दांडगी. शनिवारी सकाळी मुलांना मशिदीत कुरआनच्या वर्गाला सोडायला निघालो की अम्मी शाल गुंडाळून आमच्याआधी दारात उभ्या. बाहेर उणे पंधरा अंश. सीटवर टेकल्या की दर वेळी म्हणायच्या, "या अल्लाह, ही सीट आहे की बर्फाची लादी!"

आमची गाडी म्हणजे सेकंड-हँड घेतलेली सात सीटांची व्हॅन. त्यातले सगळ्यात स्वस्त मॉडेल, म्हणून सीट गरम करण्याची सोय तिच्यात नव्हती. अम्मींसाठी ती बाहेरून बसवून घ्यायची असे आम्ही ठरवले. त्यात आमच्या दोन चुका झाल्या. दोन्ही चुका एकाच सीटच्या बाबतीत, आणि त्या सीटवर बसत होत्या अम्मी. ज्यांची मुले थंड मुलुखात आहेत त्यांच्या, आणि घरी मधुमेहाचे माणूस आहे त्या सगळ्यांच्याच हे कामी यावे, म्हणून लिहितो आहोत.

सीट गरम होते कशी?

पेट्रोलच्या गाडीचा साधा हीटर इंजिनाच्या उष्णतेवर चालतो. इंजिनाभोवती फिरणारे पाणी तापले की त्याची ऊब पंख्याने आत येते. कडाक्याच्या थंडीत इंजिन तापायलाच पाच-दहा मिनिटे जातात आणि तोवर आत गार हवाच येते. सीट हीटर मात्र विजेवर चालतो. कव्हरच्या खाली, फोमवर एक पातळ पॅड असते. त्यात धातूची बारीक तार किंवा कार्बन फायबर असते. बारा व्होल्टची वीज त्यातून गेली की पॅड तापते आणि दोन-तीन मिनिटांत पाठीला ऊब लागते. एका सीटला साधारण पन्नास-साठ वॅट लागतात. विजेवरच्या मोटारींत तर सीट हीटरने बॅटरीची बचत होते, कारण गाडीतली सगळी हवा तापवण्यापेक्षा माणूस बसतो तेवढीच जागा तापवायला कितीतरी कमी वीज पुरते.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रॉबर्ट बॅलार्ड यांना तिचे पेटंट १९५५ मध्ये मिळाले. १९६६ साली कॅडिलॅकने ती जादा पैशांत द्यायला सुरुवात केली. पुढे स्वीडनच्या साब कंपनीने १९७२ च्या मॉडेलपासून ड्रायव्हरची गरम सीट गाडीसोबतच दिली.

बाहेरून बसवायचा संच इथे सहज मिळतो. त्यात बसायच्या भागाला एक आणि पाठीला एक अशी पॅडे, बटण, रिले, फ्यूज आणि वायरी असतात. सीट काढायची, कव्हर ज्या तारेच्या कड्यांनी फोमला बांधलेले असते त्या कापायच्या, पॅड चिकटवायचे, वायर सीटखालून नेऊन बटणाला जोडायची आणि कव्हर पुन्हा नव्या कड्यांनी ओढून बसवायचे. ऐकायला सोपे वाटते. आम्हालाही वाटले होते.

पहिली चूक : पिवळा दिवा

ओळखीतून एक गॅरेज मिळाले. त्यांनी पुढच्या दोन्ही सीटांचे काम एका दुपारी करून दिले. अम्मींना पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसवले. पाचच मिनिटांत त्या खुलल्या. "अगं, काय छान शेक बसतो! कंबर मोकळी झाली." आम्हीही खूश.

दोन दिवसांनी लक्षात आले की अम्मी सीटवर बसलेल्या असतानाही समोर "पॅसेंजर एअरबॅग बंद" असा दिवा लागलेला राहतो. आम्ही मनावर घेतले नाही. थंडीने काहीतरी झाले असेल, असे म्हणून सोडून दिले.

तो दिवा का लागतो, हे नंतर नीट समजून घेतले. इथल्या गाड्यांत पुढच्या पॅसेंजर सीटमध्ये वजन ओळखणारा सेन्सर असतो. सीटवर लहान मूल असेल किंवा सीट रिकामी असेल, तर तो समोरची एअरबॅग बंद ठेवतो, कारण जोराने फुगणारी एअरबॅग लहान मुलाचा जीव घेऊ शकते. मोठे माणूस बसले की एअरबॅग चालू होते. काही गाड्यांत हा सेन्सर फोमच्या आत किंवा खालीच असतो. फोमवर परके पॅड आले, कव्हर जास्त ताणले गेले, की त्याचा अंदाज चुकू शकतो. अम्मी अंगाने बारीक. गाडी त्यांना मूल समजत होती. त्या दिवसांत टक्कर झाली असती तर अम्मींच्या समोरची एअरबॅग फुगलीच नसती.

गाडीसोबत आलेल्या पुस्तकात सरळ लिहिले होते की पुढच्या पॅसेंजर सीटमध्ये बाहेरची कोणतीही वस्तू बसवू नये. ते पुस्तक आम्ही काम झाल्यावर उघडले.

दुसरी चूक : न जाणवलेली आच

त्या महिन्यात आम्ही नातेवाइकांकडे ऑटावाला निघालो. साडेचारशे किलोमीटर, बर्फामुळे सहा तास लागले. अम्मींनी सीटचे बटण सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवायला सांगितले. मध्ये दोनदा विचारले, "अम्मी, गरम होत नाही ना?" त्या म्हणाल्या, "अजून थोडे वाढव की." पुढे त्या झोपल्या. सीट तशीच चालू.

रात्री कपडे बदलताना मांडीच्या मागे तळव्याएवढा लालभडक चट्टा दिसला, मध्ये दोन छोटे फोड. अम्मींना पत्ताच नव्हता. "दुखत नाही गं," एवढेच म्हणाल्या. आमच्या पोटात गोळा आला, कारण दुखत नाही हेच तर वाईट होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासले. खूप वर्षांच्या मधुमेहात नसा कमजोर होतात. पाय बधिर होतात, मुंग्या येतात, गरम-थंड कळेनासे होते. अम्मींच्या पायांत हे होते, हे आम्हाला माहीत होते. हा बधिरपणा वर मांडीपर्यंत आला असेल हे मात्र ध्यानात आले नव्हते. शिवाय मधुमेहात जखम भरायलाही वेळ लागतो. आपल्याला चटका बसला की आपण सरकतो, बटण बंद करतो. जिला चटका कळतच नाही, ती सरकणार कशी? आणि तिलाच आम्ही विचारत होतो, गरम होते का!

भाजायला निखाराच लागतो असे नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिले की ४४ अंश सेल्सिअसवर कातडी भाजायला सुमारे सहा तास लागतात, पण ४९ अंशांवर दहा मिनिटेही लागत नाहीत. म्हणजे चार-पाच अंशांच्या फरकाने तासांची मिनिटे होतात. स्वस्त संचात तापमान रोखणारा थर्मोस्टॅट हलका असेल, किंवा पॅड दुमडून एका जागी जास्त तापत असेल, तर एवढा फरक पडायला वेळ लागत नाही. अंगाचा भार पडलेला असतो, तिथून उष्णता बाहेरही निघत नाही. भाजण्यावर उपचार करणारे अमेरिकेतले डॉक्टर आणि गाड्यांच्या सुरक्षेसाठी झटणारे लोक यांनी २०११ मध्येच सरकारकडे सीट हीटरच्या तापमानावर मर्यादा घालण्याची मागणी केली होती. कंबरेखाली संवेदना नसलेली माणसे अशा सीटवर भाजली होती. म्हणजे हा धोका कंपनीने बसवलेल्या सीटमध्येही असतो.

आच कमी असली तरी रोजच्या शेकाने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. काश्मिरात फेरनच्या आत कांगडी धरणाऱ्यांना पोटावर, मांड्यांवर असे डाग पडतात. वर्षानुवर्षांच्या त्या शेकाने काहींना कातडीचा कॅन्सर होतो. तिथले डॉक्टर त्याला कांगडी कॅन्सर म्हणूनच ओळखतात.

मग आम्ही काय केले?

अम्मींचा चट्टा मलमपट्टीने तीन आठवड्यांत भरला, अल्हम्दुलिल्लाह. पुढच्या पॅसेंजर सीटमधले पॅड आम्ही काढून टाकले. गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये सेन्सर तपासून नीट करून घेतला. त्याचा खर्च सीट हीटरच्या संचापेक्षा जास्त आला. ड्रायव्हरच्या सीटची वायरिंगही तिथेच पाहून घेतली. ती वायर थेट बॅटरीला जोडलेली निघाली, म्हणजे किल्ली काढली तरी बटण चालूच राहू शकत होते. ती किल्लीबरोबर बंद होणाऱ्या जोडणीवर घेतली.

अम्मींना मधल्या रांगेत साध्या सीटवर जागा केली. निघण्याआधी दहा मिनिटे गाडी बाहेर, उघड्यावर सुरू करून ठेवायची. बंद गॅरेजमध्ये गाडी कधीच चालू ठेवायची नाही, तिथे धुरातला विषारी वायू साठून माणसे मरतात. सीटवर त्यांनी स्वतः खेडहून आणलेली गोधडी. पट्टा लावून झाल्यावर अंगावरून ब्लँकेट. मुलांचेही तसेच करतो. जाड जॅकेटवरून चाइल्ड सीटचा पट्टा बांधला तर तो सैल राहतो आणि टक्कर झाली तर मूल निसटू शकते, म्हणून आधी पट्टा, मग ब्लँकेट.

काम करून घ्यायचे असेल तर

ज्यांना संवेदना नीट आहे त्यांच्यासाठी सीट हीटर चांगलाच आहे. फक्त पैसे देण्याआधी गॅरेजवाल्याला एवढे विचारा :

१. या सीटमध्ये वजनाचा सेन्सर किंवा बाजूची एअरबॅग आहे का? गाडीचे पुस्तक काय म्हणते?

२. सीट काढण्याआधी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबणार का? सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला चालू विजेत हात लावायचा नसतो. पिवळा रंग म्हणजे एअरबॅगची वायर.

३. संचाचा स्वतःचा फ्यूज आणि रिले आहे का? किल्ली काढली की तो बंद होतो का?

४. पॅडला थर्मोस्टॅट आहे का? ठरावीक वेळाने ते आपोआप बंद होते का?

काम झाल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा राहिला तर गाडी घरी आणू नका. आम्ही आणली होती.

आणि घरातल्यांना विचारा, त्या सीटवर बसणार कोण? मधुमेहाने पाय बधिर झालेले, अर्धांगवायू झालेले, मणक्याची इजा असलेले, झोपेची किंवा दुखण्याची जड औषधे घेणारे, आणि ज्यांना सांगता येत नाही अशी लहान मुले, यांना त्या सीटवर बसवू नका. बसावेच लागले तर बटण बंद असू द्या.

इथे थंडी कुठे आहे, असे म्हणाल

रत्नागिरीत किंवा औरंगाबादेत गरम सीट कोण बसवणार? खरे आहे. पण नव्या गाडीला हौसेने सीट कव्हर सगळेच घालतात. बाजूची एअरबॅग सीटच्या दाराकडच्या कडेतून बाहेर येते. त्यावर जाड, घट्ट शिवलेले कव्हर चढवले तर ती वेळेवर फुटत नाही. सीटच्या कडेला एअरबॅगचे लेबल आहे का ते पाहा, आणि असेल तर त्या बाजूला उसवणारी शिवण असलेलेच कव्हर घ्या.

आणि गरम पाण्याची पिशवी, विजेचा शेक, पाय बुडवायचे गरम पाणी हे तर घरोघरी आहे. आमच्या अम्मींच्या मांडीला जे झाले ते खेडच्या घरातही होऊ शकत होते.

अम्मी आता खेडलाच आहेत. परवा फोनवर सांगत होत्या की पावसाने गुडघे धरलेत, रात्री पिशवीचा शेक घेते. आमचा जीव वरखाली झाला. त्यांना ते कळले. म्हणाल्या, "घाबरू नका. पिशवी टॉवेलात गुंडाळते. आणि लावायच्या आधी नातीला हाक मारते, 'बाळा, तू हात लावून बघ गं आधी. माझ्या कातडीचं काही खरं नाही.'"