राजीनामा नको, रोज एक पान!

अप्रेझल झालं, हाईक मनासारखी मिळाली नाही, की आपल्यापैकी निम्म्यांना आपल्यातला लेखक आठवतो! ‘बास झालं यार, जॉब सोडायचा आणि कादंबरी लिहायची.’ हा डायलॉग मारणारा बहुतेक वेळा इंजिनीअर असतो. कादंबरी मात्र येत नाही.

पण बॉस, काहीजण खरंच लिहितात. आणि गंमत म्हणजे, नोकरीधंदा सांभाळून!

नंदा खरे यांचंच बघा ना. १९६७ साली आयआयटी मुंबईतून सिव्हिल इंजिनीअर झाले. त्यानंतर कित्येक वर्षं बांधकामाच्या धंद्यात, पूल आणि धरणांच्या साइटवर काढली. ‘अंताजीची बखर’ ही कादंबरी आली १९९७ साली, म्हणजे वयाच्या पन्नाशीत. पुढे ‘उद्या’ या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नम्रपणे नाकारला. २०२२ मध्ये ते गेले. साइटवरची वर्षं त्यांनी वाया जाऊ दिली नाहीत. ‘दगडावर दगड, विटेवर वीट’ हे त्या अनुभवांचंच पुस्तक.

तिकडे इंग्लंडमध्ये नेव्हिल शूट दिवसा आर-१०० या महाकाय एअरशिपची गणितं करायचा आणि संध्याकाळी कादंबऱ्या लिहायचा. पहिली कादंबरी आली १९२६ साली. इंजिनीअर म्हणून कुणी आपल्याला हलक्यात घेऊ नये, म्हणून त्याने पुस्तकांवर ‘नॉर्वे’ हे आडनावच टाकलं नाही! १९३१ मध्ये स्वतःची विमान कंपनी काढली, १९३८ मध्ये सोडली. म्हणजे एक तप दोन्ही गाड्या चालवल्या.

ही झाली मोठी नावं. आता घरातलं उदाहरण. माझा मामा भोसरीच्या एका कंपनीत २९ वर्षं मशीन डिझाइन करत होता. ५४व्या वर्षी त्याने जेवताना जाहीर केलं, व्हीआरएस घेऊन गोष्टी लिहिणार. मामीने शांतपणे आमटी वाढली आणि म्हणाली, ‘पोरीची दोन वर्षं राहिलीत अजून. फी काय गोष्टीतून भरणार?’

मामा नोकरीत राहिला. पहाटे पाच ते सहा लिहायला लागला. पहिली गोष्ट एका दिवाळी अंकाकडून साभार परत! ती त्याने मला वाचायला दिली. वर्कशॉपचं वर्णन एकदम परफेक्ट, पण माणसं मॅन्युअलमधून उचलल्यासारखी.

‘मामा, तुझ्या गोष्टीत कुणी चुकतच नाही रे,’ मी म्हटलं.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘अगं, सांगितल्यासारखा न वागणारा पार्ट आम्ही रिजेक्ट करतो. गोष्टीत तोच हीरो असतो की काय!’

पुढची गोष्ट होती एका म्हाताऱ्या फिटरची. नजर अधू झालीय, पण नोकरी जाईल म्हणून तो मायक्रोमीटर वाचल्याचं नाटक करतो आणि माप बोटांनी ओळखतो. ही गोष्ट छापून आली. मानधनात मामीची साडीसुद्धा आली नसती. पण आठवड्याभरात मामाला एक फोन आला. पलीकडे रिटायर झालेला जुना सहकारी. ‘साहेब, म्हणजे तुम्हाला तेव्हा कळलं होतं?’

मामाला कळलं होतं. तेव्हा तो काहीच बोलला नव्हता. ते न बोललेलं लिहायला त्याला सतरा वर्षं लागली.

तेव्हा मंडळी, राजीनाम्याचा मेल तूर्त ड्राफ्टमध्येच राहू द्या. ईएमआयचं टेन्शन डोक्यावर घेऊन कादंबरी सुचणं कठीण. शिवाय लिहिण्यासारखी माणसं आहेत कुठे? ऑफिसातच! डेडलाइनला खोटं हसणारा टीम लीडर, आईचं आजारपण लपवून नाइट शिफ्ट करणारी टेस्टर. त्यांच्याकडे जरा नीट बघा. आणि उद्या पहाटे फक्त एक पान लिहा.

चुकलं तर? दुसरा ड्राफ्ट कशाला असतो राव! इंजिनीअरला रिव्हिजन काय नवीन आहे?