नौकेचा तळ आणि आमचा व्यापारधर्म

धारगळच्या दक्षिणेस शापोरा नदी वाहते. कोलवाळच्या पुलावरून तिच्या होड्या सर्वांस दिसतात; आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते त्यांच्या पाण्याखालील तळाकडे. खाऱ्या पाण्यात उतरलेल्या फळीवर अथवा पत्र्यावर काही तासांतच सूक्ष्म जीवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. मागाहून शेवाळ, कालवे आणि शंकूच्या आकाराचे कवचधारी बार्नॅकल तेथे बिऱ्हाड थाटतात. तळ खरखरीत होतो, वेग मंदावतो आणि इंधन व्यर्थ जाते.

यास्तव तळास लेप देण्याची रीत जुनी आहे. कोकणात होड्यांस मासळीचे तेल व काजूच्या टरफलाचे तेल लावीत. 18 व्या शतकात ब्रिटिश आरमाराने तळास तांब्याचे पत्रे जडविले. 20 व्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रायब्युटिल टिन या कथिलयुक्त विषाचे रंग जगभर पसरले. ते गुणकारी खरे. परंतु विष तळापाशीच थांबले नाही. फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांची कवचे विकृत झाली, पैदास खुंटली. 1982 मध्ये त्या देशाने लहान नौकांस हा रंग वर्ज्य केला. पुढे 2001 चा आंतरराष्ट्रीय करार 17 सप्टेंबर 2008 पासून अमलात येऊन जहाजांवरही बंदी आली.

शास्त्रकारांनी श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. शंख-शिंपले तर द्वींद्रिय जीव होत. मग दुकानातील रंगाच्या डब्याविषयी आम्ही उदासीन कसे राहावे?

आजच्या बहुतेक रंगांत तांब्याचे ऑक्साइड असते, तेही विषच. सिलिकोनचे लेप मात्र जीवास मारण्याऐवजी त्याची पकड घट्ट होऊ देत नाहीत. नौका वेगाने चालली की चिकटलेले बहुतांशी गळून पडते. त्यांची किंमत अधिक, ओरखडा त्यांस सोसत नाही आणि नांगरून ठेवलेल्या होडीस लाभ थोडा, हेही ग्राहकास प्रामाणिकपणे सांगावे. लहान होडी वरचेवर किनाऱ्यावर ओढून, थर कोवळा असतानाच पुसून काढणे हा तिच्यासाठी सोपा उपाय.

गोव्यात 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्यांची डागडुजी होते. तेव्हा खरवडलेला जुना रंग नदीत न लोटता ताडपत्रीवर गोळा करावा; त्याच पाण्यातील तिसऱ्यांवर कित्येक कुटुंबांची गुजराण चालते. रंग विकणाऱ्या बंधूंनी डब्यावरील घटक वाचून मगच माल मागवावा व एवढी सूचना प्रत्येक गिऱ्हाइकास द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.