कर्जाच्या यादीतला जुगार

कर्जात अडकलेला माणूस मदत मागायला येतो, तेव्हा नापिकी, दवाखाना, मुलीचे लग्न ही कारणे सांगतो. ती बहुधा खरीच असतात. मात्र त्यांच्या आड कधी कधी मटका, तिर्रट, क्रिकेटचा सट्टा किंवा मोबाइलवरील रमी असते. ते ओळखले नाही, तर नव्या कर्जाचे पैसेही त्याच वाटेने जातात.

पहिली खूण कर्जाच्या वेळापत्रकात सापडते. हिंगोली जिल्ह्यात शेतकऱ्याला पैसा लागतो तो प्रामुख्याने जूनमध्ये, बियाणे-खतासाठी. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास येतात, हळदीचे उन्हाळ्यात वसमत-हिंगोलीच्या बाजारात. म्हणजे शेतीच्या कर्जाला हंगाम असतो. जुगाराच्या कर्जाला तो नसतो. हातउसने लहान-लहान आकडे, अनेकांकडून, कोणत्याही महिन्यात घेतलेले दिसतात. हळदीची पट्टी आली तरी सावकाराचे देणे तसेच राहते. म्हणून बँक, बचत गट, सावकार, सोयरे असे प्रत्येक देणे तारखेसह लिहून काढावे आणि शेजारी पासबुक ठेवावे. रात्री उशिरा फोनवरून एकापाठोपाठ गेलेल्या रकमा, घरच्यांना न सांगता गहाण पडलेले दागिने, हिशेब विचारताच येणारी चिडचिड यांचीही नोंद घ्यावी. यातली एकटी खूण पुरावा ठरत नाही. त्या एकत्र दिसल्या तर विचारणे भाग आहे.

विचारताना ‘जुगार खेळता का?’ असे थेट म्हटल्यास उत्तर ‘नाही’ येण्याचाच संभव अधिक. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा (पूर्वीचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा) 1887 चा आहे आणि अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे. त्यामुळे लाजेत भीतीची भर पडते. बोलणे गुप्त राहील हे आधी सांगावे आणि शक्यतो एकांतात विचारावे. 1997 मध्ये मांडलेली दोन प्रश्नांची चाचणी इथे उपयोगी पडते: लावायची रक्कम वाढवत न्यावी असे कधी वाटले का? किती लावले याबद्दल जवळच्यांशी कधी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर सविस्तर तपासणी करावी. ही चाचणी निदान नव्हे. निदान मानसोपचारतज्ज्ञाचे काम आहे.

त्याच बैठकीत जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात हिंगोलीचा समावेश होता. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

त्यानंतरच कर्जाची फेररचना करावी. रोख रक्कम हातात न देता देणे परस्पर भागवावे, आणि त्या माणसाच्या संमतीने घरातील एकाला हिशेबात घ्यावे. पुढच्या प्रत्येक भेटीत यादी आणि पासबुक पुन्हा शेजारी ठेवून पाहावे, कारण जुगार सुटताना मध्येच पुन्हा सुरू होणे ही नेहमीची गोष्ट आहे.