शंभराची बॅटरी, पन्नासाची रात्र

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी पहाटे तीनला आमच्या कॅम्परमधल्या फ्रीजने दोन आचके दिले आणि मान टाकली. पाठोपाठ दिवेही गेले. बॅटरी जेमतेम दीड वर्षाची. घेताना दुकानदार म्हणाला होता, "साहेब, ट्रकची आहे, हत्ती ओढेल." खोटं काही नव्हतं त्यात. हत्ती ओढलाच असता तिने, पण दोन-चार सेकंद.

इंजिनाला सेल्फ मारताना क्षणभर शेकडो अँपिअर लागतात. म्हणून गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा दाटीवाटीने बसवतात. रात्रभर थोडं थोडं देत राहणं तिच्या अंगवळणी पडत नाही. पुनःपुन्हा पार उतरवली की प्लेटांवरचा लेप गळून तळाशी गाळ साचतो. त्या कामाला जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरी लागते. लोडशेडिंगने आपल्या घराघरांत आणून ठेवलेली इन्व्हर्टरची ट्यूबलर बॅटरी याच कुळातली.

नवी घेण्याआधी मी जुनीच्या पोटात काय असतं ते वाचत बसलो आणि खरेदी आठवडाभर लांबली. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केलेली ही युक्ती. एका प्लेटवर शिसं, दुसरीवर लेड डायऑक्साइड, मध्ये पातळ केलेलं गंधकाम्ल. वीज देता देता दोन्ही प्लेटांवर एकच पदार्थ साचत जातो, लेड सल्फेट. आणि आम्ल पाण्यासारखं होत जातं. दोन प्लेटांतला भेद मिटला की वीजही आटली! म्हणून तर हायड्रोमीटरचा तरंगता काटा बघून बॅटरी किती भरली आहे ते कळतं: पूर्ण भरलेली असताना आम्ल पाण्याच्या सव्वापटीहून किंचित जड, उतरलेली असताना बरंच हलकं.

याहून नवल पुढे आहे. शिशाच्या अणुगर्भात ८२ प्रोटॉन. त्यांच्या ओढीने अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के वेगाने फिरतात, आणि इतक्या वेगाला आइन्स्टाइनचे नियम लागू होतात. उप्साला विद्यापीठातले राजीव आहुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली गणित करून दाखवलं की एका सेलच्या सुमारे २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतेच्या परिणामातून येतात. शिशाचं सख्खं भावंड म्हणजे कथील. त्याच्या गर्भात ५० प्रोटॉन, आणि त्याची अशी बॅटरी होत नाही. सकाळी स्कूटर सुरू होते ती सापेक्षता सिद्धांताच्या कृपेने, हे कुठल्याच गॅरेजवाल्याने मला सांगितलं नव्हतं.

आता हिशेब. खोक्यावर १०० अँपिअर-तास लिहिलेले असतात, पण ते सहसा २० तास सावकाश, ५ अँपिअरने उतरवल्यावरचे. इन्व्हर्टरवर हजार वॅटची इंडक्शन शेगडी लावलीत तर नव्वदेक अँपिअर ओढले जातात आणि तीच बॅटरी तास भरायच्या आत हात टेकते. शिवाय शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे हाती आले पन्नास. आमचा फ्रीज ४५ वॅटचा, कॉम्प्रेसर दिवसातला निम्मा वेळ चालू: ५४० वॅट-तास. पंखा १६०, दिवे ७५, फोन ३०. एकूण ८०५, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे ६७ अँपिअर-तास. भंडारदऱ्याला काळोख का झाला ते या भागाकारातच होतं.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या शंभरातले ऐंशी बिनघोर वापरता येतात. वजन साधारण १२ किलो, शिशाच्या शंभराचं तीसेक. हे रसायन जगापुढे आलं १९९७ साली, टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून, आणि त्या निबंधावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही नावंही आहेत. महाग आहे, पण हजारो वेळा भरता-उतरवता येते. नखरे मात्र तिचेही आहेत. शून्य अंशाखाली ती भरू नये, आत धातुरूप लिथियमचा थर चढून ती कायमची बिघडते. स्पितीत ऑक्टोबरच्या रात्री हे विसरून चालत नाही. इंजिनाच्या अल्टरनेटरला थेट जोडली तर इतका करंट ओढते की तो तापतो, म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. सोलर कंट्रोलरचं सेटिंगही शिशावरून लिथियमवर न्यावं लागतं.

वर्षातून दोनदा कोकणात जाणार असाल, फ्रीज नसेल, तर ट्यूबलर पुरे. उभी ठेवा, डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि भरताना हायड्रोजन सुटतो म्हणून बिछान्याखाली कोंडू नका. आम्ही लिथियम घेतली. तुम्ही काहीही घ्या, पण दुकानात जाण्याआधी गाडीतल्या एकेका वस्तूचे वॅट आणि तास कागदावर मांडा, आणि तो कागद दुकानदाराच्या हत्तीसमोर ठेवा.