पश्चात्तापाच्या पायावर उभी राहिलेली उद्यानं

२००१ या एकाच वर्षात डिस्नेच्या नावाची दोन नवी उद्यानं उघडली. ८ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरात, मूळ डिस्नेलँडच्या समोरच्या पार्किंगच्या जागेवर, ‘डिस्नेज कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’. आणि ४ सप्टेंबरला टोकियोशेजारच्या उरायासू शहरात, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, ‘टोकियो डिस्नेसी’. दोन्हींचे आराखडे वॉल्ट डिस्ने इमॅजिनिअरिंग या एकाच संस्थेतल्या कलावंतांनी आणि अभियंत्यांनी केले. पहिल्या उद्यानाकडे लोकांनी पाठ फिरवली आणि पुढे ते दुरुस्त करायला ११० कोटी डॉलर ओतावे लागले. दुसरं आज जगातल्या सर्वांत देखण्या थीम पार्कांमध्ये गणलं जातं. कसब तेच होतं. निर्णय घेणारी माणसं वेगळी होती आणि त्यांना वाटणारी भीतीही वेगळी होती.

डिस्नेच्या उद्यानांचा सत्तर वर्षांचा प्रवास मागे वळून पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. इथे प्रत्येक नवं उद्यान हे आधीच्या उद्यानाबद्दल वाटलेल्या पश्चात्तापाचं उत्तर असतं. तो पश्चात्ताप वरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा असतो. त्याने योग्य धडा घेतला तर उद्यान पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. चुकीचा घेतला तर ती चूक सिमेंटात ओतली जाते आणि तिकीट काढून येणारी कुटुंबं वर्षानुवर्षं तिच्यातून चालत राहतात.

सुरुवात दोन भावांपासून झाली. वॉल्टला स्वप्न दिसायचं आणि त्यासाठी पैसा उभा करायचा रॉयने. सप्टेंबर १९५३ मध्ये हर्ब रायमन या चित्रकाराने एका शनिवार-रविवारात, वॉल्ट शेजारी बसून सांगत असताना, डिस्नेलँडचा पहिला नकाशा काढला. तो घेऊन रॉय न्यूयॉर्कला गेला. एबीसी या वाहिनीने ५ लाख डॉलर आणि ४५ लाखांच्या कर्जाची हमी दिली. बदल्यात तिने जवळपास एक तृतीयांश हिस्सा आणि दूरदर्शनवरचा कार्यक्रम घेतला. १७ जुलै १९५५ रोजी, १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून, डिस्नेलँड उघडलं. वॉल्ट डिसेंबर १९६६ मध्ये गेला. फ्लोरिडातली २७ हजार एकरांहून अधिक जमीन तेव्हा ताब्यात होती, पण उभं काहीच नव्हतं. रॉयने निवृत्ती लांबणीवर टाकली, ४० कोटी डॉलरचं काम तडीस नेलं आणि १ ऑक्टोबर १९७१ ला त्या उद्यानाला भावाचं पूर्ण नाव दिलं: वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. त्याच डिसेंबरात तोही गेला. ‘हे करूया’ म्हणणारा आणि ‘पैसा कुठून आणायचा’ हे विचारणारा, असे दोघे बरोबरीच्या नात्याने एका टेबलाशी बसत. ते टेबल आता रिकामं झालं.

त्यानंतर धुरा आली ती वॉल्टच्या हाताखाली घडलेल्या सज्जन, सावध माणसांकडे. कार्ड वॉकर हे त्यातले प्रमुख. १९७९ मध्ये जपानच्या ओरिएंटल लँड कंपनीशी करार झाला, तेव्हा फ्लोरिडातलं एपकॉट हे नियोजित उद्यान पैसा खात होतं आणि परदेशात भांडवल गुंतवायची डिस्नेची तयारी नव्हती. करार असा झाला: सगळा खर्च आणि सगळी जोखीम जपानी कंपनीची, डिस्नेला तिकिटांवर १० टक्के आणि खाद्यपदार्थ-वस्तूंच्या विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन. १५ एप्रिल १९८३ ला टोकियो डिस्नेलँड उघडलं आणि तुफान चाललं. गल्ला मात्र दुसऱ्याच्या घरी भरत होता. हा पहिला मोठा पश्चात्ताप.

सप्टेंबर १९८४ मध्ये मायकेल आइझनर आणि फ्रँक वेल्स कंपनीची सूत्रं घ्यायला आले, तेव्हा कंपनी विकत घेऊन तिचे तुकडे करायला टपलेल्यांपासून ती नुकतीच वाचली होती. आइझनरला वास्तुकलेची मनापासून ओढ होती. मायकेल ग्रेव्हज, रॉबर्ट स्टर्न, फ्रँक गेरी, अराता इसोझाकी अशा नामवंत वास्तुविशारदांना त्याने हॉटेलं आणि कचेऱ्यांची कामं दिली. वेल्स हिशेब पाहायचा, भांडणं मिटवायचा आणि आइझनरला त्याच्या तोंडावर नाही म्हणू शकायचा. वॉल्ट आणि रॉयनंतर प्रथमच कंपनीला तशी जोडी मिळाली होती.

या जोडीने टोकियोचा पश्चात्ताप पॅरिसमध्ये धुऊन काढायचं ठरवलं. तिथे ४९ टक्के मालकी घेतली. ॲनाहाइममध्ये डिस्नेलँडभोवती इतरांनी हॉटेलं बांधून कमाई केली, याचीही सल होती. म्हणून पॅरिसला पहिल्याच दिवसापासून स्वतःची सहा हॉटेलं उभारली, सुमारे ५,२०० खोल्यांची. १२ एप्रिल १९९२ ला युरो डिस्ने उघडलं. टोनी बॅक्स्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेलं हे उद्यान विलक्षण सुंदर होतं, आजही आहे. पावसाळी हवेसाठी मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी छताखालच्या गल्ल्या होत्या, किल्ल्याच्या तळघरात श्वास घेणारा ड्रॅगन होता आणि भविष्याचं जग ज्यूल व्हर्नच्या कल्पनेतून साकारलं होतं. फ्रेंच माणसाला आपली परंपरा ओळखू यावी, इतका विचार त्यात होता.

तोटा मात्र प्रचंड झाला. १९९३ च्या आर्थिक वर्षात ५३० कोटी फ्रँकहून अधिक. त्याची कारणं नीट पाहायला हवीत, कारण पुढची सगळी कथा तिथेच वळते. लोक येत होते, पण रात्री मुक्काम करत नव्हते. पॅरिस रेल्वेने हाकेच्या अंतरावर असताना ते हॉटेलात कशाला राहतील? युरोपात मंदी होती आणि कर्जावरचं व्याज चढं होतं. जमीन-इमारती विकून पैसा उभा करायचा बेत मालमत्तेचे भाव कोसळल्याने फसला. उद्यान बुडालं ते खोल्यांच्या चुकलेल्या अंदाजामुळे आणि कर्जामुळे. ड्रॅगनने कंपनी बुडवली नव्हती.

मग १९९४ उजाडलं. ३ एप्रिलला फ्रँक वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेला. जुलैमध्ये आइझनरवर हृदयाची तातडीची शस्त्रक्रिया झाली. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस चित्रपट विभागाचा प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग भांडून बाहेर पडला. सप्टेंबरात व्हर्जिनियातला ‘डिस्नेज अमेरिका’ प्रकल्प सोडून द्यावा लागला. यादवी युद्धाच्या रणभूमीजवळ थीम पार्क नको, म्हणून इतिहासकार आणि स्थानिक लोक उभे राहिले होते. इतके आघात सोसलेला माणूस सावध झाला तर त्यात नवल नाही. पण त्याला टोकणारा आणि धीर देणारा बरोबरीचा सहकारी आता उरला नव्हता. पॅरिसमधून त्याने घेतलेला धडा होता, ‘यापुढे कमी खर्चात करायचं’. घ्यायला हवा होता तो, ‘यापुढे कमी कर्जात आणि नीट अंदाज बांधून करायचं’.

ॲनाहाइमच्या पार्किंगवर १९९१ मध्ये जाहीर झालेला बेत होता ‘वेस्टकॉट’, सुमारे ३०० कोटी डॉलरचा, मध्यभागी भव्य सोनेरी गोल असलेला. १९९५ मध्ये तो गुंडाळला गेला. त्याच्या जागी आलं कॅलिफोर्नियातच कॅलिफोर्निया दाखवणारं उद्यान. दुकानं आणि मालविक्रीच्या बाजूने वर आलेल्या पॉल प्रेसलरसारख्या अधिकाऱ्यांचा त्या काळात उद्यानांच्या कारभारावर मोठा प्रभाव होता. विक्रीच्या जागा, उपाहारगृहं, वाइनचं दालन यांना मानाचं स्थान मिळालं आणि लहान मुलांसाठी फारच थोडं उरलं. ‘पॅराडाइज पिअर’वर समुद्रकाठच्या जत्रेतले तयार पाळणे आणून मांडले. जत्रेचं असं सवंग रूप नको होतं, म्हणूनच तर वॉल्टने डिस्नेलँड काढलं होतं. तिकीट मात्र समोरच्या डिस्नेलँडइतकंच, ४३ डॉलर. वर्षाला ७० लाख लोक येतील अशी अपेक्षा होती. पहिल्या वर्षी जेमतेम ५० लाख आले. ‘सुपरस्टार लिमो’ ही राइड वर्षभरातच बंद पडली.

इमॅजिनिअरिंगच्या माणसांना यापेक्षा चांगलं येत नव्हतं, असं नाही. त्याच उद्यानातली कॅलिफोर्नियावरून उडण्याचा अनुभव देणारी ‘सोअरिन’ लोकांनी डोक्यावर घेतली. आणि त्याआधी तीनच वर्षं, २२ एप्रिल १९९८ ला, फ्लोरिडात ‘ॲनिमल किंगडम’ उघडलं होतं, आइझनरच्याच कारकिर्दीत. जिवंत प्राण्यांमध्ये थरार तो काय, अशी शंका बैठकीत निघाली, तेव्हा मुख्य आरेखक जो रोडी याने खरा बंगाली वाघ त्या खोलीत आणला. वाघ टेबलाजवळून गेला आणि शंका संपली. त्या उद्यानातल्या ‘आनंदपूर’ नावाच्या काल्पनिक गावातले सोललेले रंग आणि भिंतींवर हाताने लिहिलेल्या जाहिराती पाहून भारतीय माणूसही थबकतो. आइझनरमध्ये ती दृष्टी होती. तिला जागं करणारं कोणी समोर उभं राहिलं, की काम उत्तम व्हायचं. इतर वेळी भीती निर्णय घ्यायची.

त्याच भीतीतून २००२ मध्ये पॅरिसचं दुसरं उद्यान मोजक्या राइड्स घेऊन उघडलं आणि २००५ मध्ये हाँगकाँगचं डिस्नेलँड जेमतेम चार विभागांनिशी. कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर धरून तीन उद्यानं, तिन्ही अपुरी. तिन्हींना नंतर विस्ताराचा मोठा खर्च करावा लागला. पॅरिसच्या त्या उद्यानासह तिथल्या विस्तारासाठी २०१८ मध्ये २०० कोटी युरो जाहीर झाले. सुरुवातीला वाचवलेला पैसा असा नंतर दामदुपटीने जातो, आणि मधल्या काळात गेलेला लोकांचा विश्वास कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

आता टोकियोकडे पाहू. ओरिएंटल लँडचा तेव्हाचा अध्यक्ष तोशिओ कागामी. कंपनीजवळ एकच जागा, एकच व्यवसाय. तिला दुसरीकडे कुठे नफा दाखवायचा नव्हता आणि शेजारचं उद्यान फसलं तर पळून जायलाही जागा नव्हती. तिने डिस्नेसीवर सुमारे ३३,५०० कोटी येन खर्च केले. धुमसणारा ज्वालामुखी, व्हेनिसचे कालवे, बंदराला लागलेलं भव्य जहाज, उद्यानाच्या कुशीतच बांधलेलं हॉटेल. आरेखकांनी सुचवलं ते तिथे बांधलं गेलं. ॲनाहाइममध्ये ज्यांच्या कल्पनांना कात्री लागली, त्याच संस्थेच्या लोकांना उरायासूत मोकळं आकाश मिळालं.

इकडे मार्च २००४ मध्ये डिस्नेच्या भागधारकांच्या सभेत ४३ टक्के मतं आइझनरच्या पाठीशी राहिली नाहीत. ऑक्टोबर २००५ मध्ये त्याच्या जागी बॉब आयगर आला. हाँगकाँगच्या उद्घाटनाची मिरवणूक पाहताना त्याच्या लक्षात आलं, की गेल्या दहा वर्षांतली लोकप्रिय पात्रं जवळजवळ सगळी पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओची आहेत. काही महिन्यांतच ७४० कोटी डॉलरला पिक्सार घेण्याचा करार झाला आणि पिक्सारचा जॉन लॅसेटर इमॅजिनिअरिंगचा सल्लागार झाला. ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर नव्याने घडवण्याचं जाहीर केलं. आयगरसमोर ते तसंच रेटायचा किंवा पोटात घालायचा पर्याय होता. त्याने उद्यानाचा दर्शनी भागच काढून टाकला आणि तिथे १९२० च्या दशकातलं, तरुण वॉल्ट उतरला तेव्हाचं लॉस एंजलिस उभं केलं. १५ जून २०१२ ला ‘कार्स लँड’ उघडलं आणि त्या वर्षी, उद्योगातल्या अंदाजांनुसार, गर्दी ७५ लाखांच्या पुढे गेली. जुनी चूक मान्य करून ती पाडायला पैसा द्यावा लागतो, त्याहून जास्त धैर्य लागतं.

आयगरच्या धड्यालाही मर्यादा आहे. चित्रपटातून आधीच ओळखीचं झालेलं जगच बांधायचं, या नियमामुळे आनंदपूरसारखी निव्वळ कल्पनेतून आलेली गावं दुर्मीळ झाली. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या बॉब चॅपेकच्या काळात १९९९ पासून मोफत असलेला ‘फास्टपास’ जाऊन रांग टाळण्याचे पैसे घेतले जाऊ लागले. २०२१ मध्ये इमॅजिनिअरिंगसकट सुमारे २,००० नोकऱ्या कॅलिफोर्नियातून फ्लोरिडात हलवायचं ठरलं. काही जण घरदार हलवून गेलेही. आयगर परतल्यावर, २०२३ मध्ये, तो बेत रद्द झाला. उद्यानं घडवणाऱ्या माणसांना असं हलवलं, की त्यांच्याबरोबर अनेक वर्षांचं हातातलं ज्ञान विखुरतं. ते परत गोळा करण्याचा मार्ग नसतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये डिस्नेने दहा वर्षांत उद्यानं आणि जहाजांवर ६,००० कोटी डॉलर खर्चण्याचं जाहीर केलं. मे २०२५ मध्ये अबुधाबीच्या नव्या उद्यानाची घोषणा झाली. तिथे पैसा स्थानिक मिराल कंपनीचा, आराखडे डिस्नेचे आणि मोबदला स्वामित्वधनाचा. म्हणजे १९७९ मध्ये नाइलाजाने केलेला आणि नंतर इतका सलणारा टोकियोचाच करार आता आवडीने निवडला गेला.

मला यात विरोधाभास वाटत नाही. टोकियोचा करार कधीच वाईट नव्हता. डिस्नेला त्यातून कमी मिळालं, पण जगाला डिस्नेसी मिळाली. म्हणून नव्या उद्यानाची घोषणा झाली की रकमेपेक्षा एक प्रश्न विचारावा: हे बांधणारा माणूस कोणत्या जुन्या पश्चात्तापाला उत्तर देतो आहे, आणि तीस वर्षांनी रंग उडाल्यावर तो पुन्हा लावायला त्याची संस्था तिथेच असणार आहे का? ज्यांच्याजवळ या प्रश्नाचं सरळ उत्तर होतं, त्यांची उद्यानं टिकली. बाकीच्यांची नंतरच्या कारभाऱ्यांना पुन्हा बांधावी लागली.