‘स्टार ट्रेक’मधील खानचा चेहरा का बदलला? रिबूट चित्रपटांतील विसंगतींचा वाद

गाझियाबाद : एखादी गाजलेली चित्रपटमालिका नव्या कलाकारांसह पुन्हा पहिल्यापासून सुरू केली जाते, तेव्हा त्या चित्रपटाला ‘रिबूट’ म्हणतात. विज्ञानपटांच्या बाबतीत असा नवा अवतार आला की त्यातील ‘प्लॉट होल’, म्हणजे कथानकातील विसंगती, शोधण्याची चढाओढ चाहत्यांमध्ये लागते. इतरांना हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. मात्र २०१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘स्टार ट्रेक इनटू डार्कनेस’ या हॉलिवूडपटावरून झालेला वाद भारतीय प्रेक्षकांनी समजून घेण्याजोगा आहे. त्यातील सर्वांत मोठी विसंगती एका भारतीय पात्राशी निगडित होती.

उत्तर भारतातला खलनायक

जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या फेब्रुवारी १९६७ मधील ‘स्पेस सीड’ या भागात खान नूनियन सिंग हे पात्र प्रथम अवतरले. जनुकीय निवडीतून घडवलेला, असामान्य बुद्धी आणि बळ लाभलेला हा माणूस १९९० च्या दशकात पृथ्वीच्या पाव हिश्श्याहून अधिक भागावर राज्य करतो आणि पराभवानंतर साथीदारांसह अंतराळयानात गोठलेल्या निद्रेत निघून जातो, अशी कल्पना होती. तो उत्तर भारतातील, बहुधा शीख असावा, असे त्या भागात एक पात्र सांगते. दिल्ली, गाझियाबाद, अमृतसर ही शहरे ज्या प्रदेशात येतात, तिथला माणूस अमेरिकी विज्ञानकथेत इतक्या ताकदीचा प्रतिस्पर्धी म्हणून दाखवला जाणे, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

ही भूमिका मेक्सिकोत जन्मलेले रिकार्डो मॉन्टल्बान यांनी केली. १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात ते पुन्हा त्याच भूमिकेत आले आणि खान हा या मालिकेचा सर्वांत गाजलेला खलनायक ठरला.

कल्पभेदाची युक्ती

दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी २००९ मध्ये या मालिकेचा नवा अवतार आणला. जुन्या कथा खोट्या ठरवायच्या नाहीत, पण त्यांच्या बंधनातही राहायचे नाही, असा पेच लेखकांपुढे होता. त्यांनी कालप्रवासाचा आधार घेतला. इसवी सन २३८७ मधील एक यान कृष्णविवरातून भूतकाळात, २२३३ मध्ये, येते आणि ‘केल्विन’ हे जहाज नष्ट करते. त्या क्षणापासून इतिहासाला दुसरा फाटा फुटतो. पहिल्या कालरेषेतील कथा जशाच्या तशा राहतात आणि दुसरीतील पात्रांचे भवितव्य मोकळे होते.

भारतीय वाचकाला ही युक्ती अपरिचित नाही. एकच कथा निरनिराळ्या पुराणांत वेगळ्या तपशिलांसह येते, तेव्हा टीकाकार ‘कल्पभेद’ सांगून मेळ घालतात. एका कल्पात असे घडले, दुसऱ्या कल्पात तसे. लेखकांनी आधुनिक भाषेत हेच केले. मात्र या युक्तीला एक अट असते. फाटा २२३३ मध्ये फुटला असेल, तर त्याआधीचा इतिहास दोन्हीकडे सारखाच असायला हवा.

विसंगती कशाला म्हणावे?

चाहत्यांच्या वादात तीन वेगळ्या गोष्टींची अनेकदा गल्लत होते. पहिली म्हणजे विज्ञानाबाबत घेतलेली सूट. शेखर कपूर दिग्दर्शित ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मध्ये नायक अदृश्य होतो. वास्तवात डोळ्यातील दृष्टिपटल प्रकाश शोषून घेते म्हणून आपल्याला दिसते. संपूर्ण पारदर्शक झालेला माणूस आंधळाच असेल. तरीही प्रेक्षकाची फसगत होत नाही, कारण ‘लाल प्रकाशात तो दिसतो’ हा चित्रपटाने घालून दिलेला नियम प्रेक्षकाने मान्य केलेला असतो. जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा वाचलेल्या मराठी वाचकाला कृष्णविवर नवे नाही. त्याच्याजवळ काळ संथ होतो, हे सापेक्षतावादाला धरून आहे. त्यातून सुखरूप पार होऊन भूतकाळात पोहोचणे, ही लेखकाने घेतलेली मुभा आहे. ती विसंगती नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे योगायोग किंवा न सांगितलेला दुवा. २००९ च्या चित्रपटात तरुण कर्कला एका बर्फाळ ग्रहावर सोडून दिले जाते आणि नेमका तिथल्या गुहेत त्याला वृद्ध स्पॉक भेटतो. हे पटकथेचे ढिलेपण म्हणता येईल, पण अशक्य म्हणता येणार नाही. जो दुवा प्रेक्षक स्वतःच्या तर्काने जोडू शकतो, ते भगदाड नसते.

खरी विसंगती तिसऱ्या प्रकारची. कथा जेव्हा स्वतःच सांगितलेला नियम स्वतःच मोडते, तेव्हा ती उद्भवते.

बहात्तर गोठलेले साथीदार

‘इनटू डार्कनेस’मधील वादाचा एक ठळक प्रसंग शेवटाकडे येतो. किरणोत्साराने कर्कचा मृत्यू होतो. खानच्या रक्तात मृत पेशी जिवंत करण्याचा गुण असल्याचे डॉ. मॅकॉय यांच्या लक्षात येते आणि खानला जिवंत पकडण्यासाठी धावपळ सुरू होते. परंतु खानसारखेच घडवलेले त्याचे ७२ साथीदार गोठलेल्या अवस्थेत त्याच जहाजावर असतात. कर्कचे शरीर ठेवण्यासाठी मॅकॉय त्यांच्यापैकी एकाला पेटीतून बाहेरही काढायला लावतात. मग रक्तासाठी खानच कशाला हवा? इतरांच्या रक्ताची चाचणी झाली नव्हती आणि वेळ हातात नव्हता, असे चित्रपटाचे समर्थक म्हणतात. हा युक्तिवाद टिकू शकतो. परंतु त्याने दुसरा प्रश्न सुटत नाही. मृत्यूवर उपाय सापडला, तर पुढच्या संकटांत कोणाच्याही जिवाची काळजी प्रेक्षकाने का करावी? २०१६ च्या पुढील चित्रपटात अनेक जण प्राणास मुकतात, पण या उपायाचा वापर होत नाही.

याच चित्रपटात खान एका छोट्या यंत्राच्या साह्याने पृथ्वीवरून थेट दुसऱ्या ग्रहावर प्रकट होतो. तसे करता येत असेल, तर अंतराळजहाजांची गरजच काय, हा चाहत्यांचा आक्षेपही याच जातीचा आहे.

चेहऱ्याचा प्रश्न

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा होता. या चित्रपटात खानची भूमिका ब्रिटिश अभिनेते बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी केली. प्रदर्शनापूर्वी पात्राचे नाव ‘जॉन हॅरिसन’ असल्याचे सांगून निर्मात्यांनी त्याची ओळख गुप्त ठेवली होती. खानचा जन्म विसाव्या शतकातला, तर कालरेषेचा फाटा तेविसाव्या शतकातला. म्हणजे चित्रपटाच्या स्वतःच्याच नियमानुसार हा खान मूळचाच उत्तर भारतीय खान असायला हवा. नाव ‘सिंग’ राहिले, माणूस मात्र गोरा युरोपीय झाला.

भूमिका उत्तम अभिनेत्याला मिळाली, त्यात बिघडले काय, असे काहींचे म्हणणे होते. मूळ मालिकेतही ही भूमिका भारतीयाला मिळाली नव्हती आणि मॉन्टल्बान यांचा वर्ण रंगभूषेने गडद केला होता, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. हे खरेच आहे. परंतु १९६७ मध्ये निदान पात्राची ओळख कथेत टिकून होती. २०१३ मध्ये ती कोणत्याही खुलाशाविना पुसली गेली. येथे पटकथेतील त्रुटी आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पात्राचे मूळ लेखकांना महत्त्वाचे वाटले असते, तर ही विसंगती त्यांच्या नजरेतून निसटली नसती.

ठिगळे आणि खुलासे

हे आक्षेप वाऱ्यावर गेले नाहीत. २०१३ च्या ऑक्टोबरपासून प्रसिद्ध झालेल्या एका चित्रकथा मालिकेत खानचा चेहरा आणि आवाज शस्त्रक्रियेने बदलून त्याच्या स्मृतीही पुसल्या गेल्याचा खुलासा करण्यात आला. २००९ च्या चित्रपटात एका ताऱ्याचा स्फोट संपूर्ण आकाशगंगेला धोका ठरतो, असे म्हटले होते. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचायलाही चार वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे दूरच्या ताऱ्याच्या स्फोटाने एखादा ग्रह अचानक नष्ट कसा होईल, ही शंका रास्त होती. २०२० च्या ‘पिकार्ड’ मालिकेत तो तारा म्हणजे त्या ग्रहाचा स्वतःचाच सूर्य असल्याचे सांगून ही शंका बरीचशी मिटवण्यात आली. २०२३ मध्ये आणखी एका मालिकेने कालप्रवाशांच्या ढवळाढवळीचे कारण देऊन खानचे बालपण एकविसाव्या शतकात आणले.

‘इनटू डार्कनेस’ने जगभरात ४६ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि अनेक समीक्षकांनी त्याचे कौतुक केले. तरीही ऑगस्ट २०१३ मध्ये लास वेगास येथील चाहत्यांच्या संमेलनात झालेल्या मतदानात तो या मालिकेतील सर्वांत वाईट चित्रपट ठरला. ओळख लपवण्याचा निर्णय कदाचित चुकला, असे एब्रम्स यांनीही त्याच वर्षी मान्य केले.

कथा कोणाची?

कायद्याने कथा हक्कधारक कंपनीची असते. पण तेवढ्याने प्रश्न संपत नाही, हे भारतातही दिसले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये दिग्दर्शक अली अब्बास जफर यांनी ‘मिस्टर इंडिया’वर आधारित तीन चित्रपटांची घोषणा केली, तेव्हा आपल्याला कोणी विचारलेही नाही, अशी जाहीर नाराजी शेखर कपूर यांनी व्यक्त केली होती.

प्रेक्षकाचा हक्क कागदावर नसतो, तो स्मरणात असतो. जुन्या नावावर नवी तिकिटे विकली जातात, ती याच स्मरणाच्या जोरावर. त्यामुळे ज्या स्मृतीचे भांडवल केले, तिच्याशी प्रामाणिक राहा, ही चाहत्यांची मागणी अवाजवी म्हणता येत नाही. अर्थात प्रत्येक योगायोगाला भगदाड म्हणणे हाही अन्यायच. कथेने निसर्गाचा नियम मोडला की स्वतःचा, एवढे एकदा तपासून घेतले, तर बहुतेक वाद लवकर मिटतील आणि उरलेले वाद घालण्याच्या योग्यतेचे असतील.